जव्हार : उंचावरचे गाव, उतारावरचे जीवन

(द्वितीय वर्ष, कला)

जव्हारची ओळख बाहेरच्या माणसाला करून द्यावयाची झाली की दोन विशेषणे हमखास पुढे येतात. पहिले ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून ठाण्याच्या जागी पालघर आले इतकाच काय तो फरक. दुसरे विशेषण वर्तमानपत्रांनी दिले : ‘कुपोषणग्रस्त जव्हार’. पहिले विशेषण धबधबे पाहावयास येणाऱ्यांचे, दुसरे पाहणी करावयास येणाऱ्यांचे. दोन्ही प्रकारची मंडळी खालून वर येतात आणि बहुधा संध्याकाळच्या आत खाली उतरतात. ही विशेषणे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच गावाला ही दोन्ही नावे कशी काय लागू पडतात, ज्या पावसात दाभोसाचा धबधबा भरून कोसळतो त्याच पावसाच्या दिवसांत पाड्यांवरच्या पोरांची वजने का घटतात, हा प्रश्न मात्र दोन्ही विशेषणांत कोठेच येत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाकडे भूगोल, इतिहास आणि थोडेफार अर्थशास्त्र यांच्या मदतीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम जागा पाहू. सह्याद्रीची मुख्य रांग आणि अरबी समुद्राची किनारपट्टी यांच्या मधोमध डोंगरांचे एक उंचवट्यासारखे पठार आहे. त्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, जव्हार वसले आहे. महाबळेश्वरच्या निम्मीही ही उंची नाही. पण मनोरकडून विक्रमगडमार्गे घाटाची वळणे चढून आल्यावर वाऱ्यात जो फरक पडतो तो एस.टी.च्या खिडकीत बसलेल्या कोणालाही कळतो. पूर्वेकडून यावयाचे तर नाशिक, त्र्यंबक, मोखाडा असा रस्ता. रेल्वे जव्हारला कधी आली नाही. पालघर, डहाणू किंवा इगतपुरी या स्टेशनांवर उतरून पुढे डांबरी रस्ताच धरावा लागतो. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास होती. नगरपरिषद असलेली ही गावे किती लहान असू शकतात, याचे जव्हार हे उत्तम उदाहरण आहे. तालुक्यात मात्र दहापैकी नऊ माणसे आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. आणि ती बहुतेक सारी गावात नव्हे, पाड्यांवर राहतात.

या जागेचे खरे वैशिष्ट्य तिच्या उंचीत नसून तिच्या उतारांत आहे. जव्हारचे पठार हा पाणलोटाचा दुभाजक आहे. उत्तरेकडे पडलेले पाणी लेंडी आणि वाघ या नद्यांना मिळते व दमणगंगेतून गुजरातेत जाते. दक्षिणेकडचे पाणी पिंजाळ नदीतून वैतरणेला मिळते. पश्चिमेकडचे सूर्या नदीकडे वळते. म्हणजे एकाच पठारावर कोसळलेल्या एका सरीचे पाणी तीन वाटांनी फुटते, आणि तिन्ही वाटा खालीच जातात. जव्हारच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक गोष्टींचे असेच आहे, असे मला हा विषय अभ्यासताना वाटत गेले. पाणी, लाकूड, माणसे, सर्वांचा ओघ एकाच दिशेने आहे.

इतिहासाकडे वळल्यावर प्रथम भेटते ती बैलाच्या कातड्याची गोष्ट. महादेव कोळी जमातीतील जयबा मुकणे याने बैलाच्या कातड्याने झाकली जाईल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला, अशी ही कथा आहे. कार्थेज नगरीची राणी डिडो हिच्याबद्दलही हीच कथा सांगतात, त्यामुळे ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तरीही जमीन मिळवावयाची तर मोजणी आपल्या हाती हवी, हे या डोंगरातल्या माणसाला सहाशे वर्षांपूर्वीच कळले होते, असा तिचा अर्थ मी लावतो. जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. तो दिवस ५ जून १३४३ चा मानला जातो, आणि संस्थानात त्या दिवसापासून कालगणना होत असे. पुढे सुरतेच्या स्वारीच्या वेळी, १६६४ साली, शिवाजी महाराजांचा मुक्काम गावाजवळच्या शिरपामाळ येथे पडला आणि तेथे जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना भेटले, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पोर्तुगीज, पेशवे आणि इंग्रज या तिघांच्याही दबावाखाली संस्थान आक्रसत गेले. तरी इंग्रजी अमलातही ३१० चौरस मैलांचा मुलूख मुकणे घराण्याकडे राहिला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

नेमशहाच्या मान्यतेपासून विलीनीकरणापर्यंत ६०५ वर्षे होतात. महाराष्ट्रात इतकी वर्षे टिकलेली आदिवासी राजवट दुसरी मला आढळली नाही. १९१८ साली या डोंगरात नगरपालिका स्थापन झाली, ही गोष्ट तर सपाटीवरच्या कित्येक मोठ्या गावांना अभिमान वाटावा अशी आहे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला जयविलास राजवाडा काजूच्या बागेत आजही उभा आहे आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. या इतिहासाबद्दल आम्हा सर्वांना साहजिकच अभिमान आहे. पण अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. राजा आदिवासी होता म्हणून पाड्यावरच्या आदिवासीचे कणगे भरलेले होते असे नाही. जंगल हे संस्थानाच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि ते लाकूड तोडून, ओढून, वाहून खाली पोचवणारे खांदे प्रजेचे होते. राजवाडा पाहताना त्या खांद्यांचीही आठवण ठेवावी, असे मला वाटते.

आता गाव. जुन्या राजधानीचे गाव असल्यामुळे त्याला एक डौल आहे. राजवाडा, देवीचे मंदिर, पीर सदरोद्दीन बाबांचा दर्गा, पेठ आणि कचेऱ्या अशी ती मांडणी. उरुसाला सर्व जातिधर्मांचे लोक येतात, हे येथे मुद्दाम सांगावे लागत नाही. पेठेतली दुकाने पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी घराण्यांकडे आहेत. पाड्यावरचा माणूस गावात येतो तो तीन कामांसाठी : बाजारासाठी, दवाखान्यासाठी आणि दाखल्यासाठी. बाजाराच्या दिवशी सकाळी जव्हारच्या कोणत्याही वाटेवर उभे राहावे. डोक्यावर मोळी, टोपलीत पावसाळ्याच्या तोंडाची शेवळी किंवा पुढे बांबूचे कोंब, करांदे, कधी मोहाची फुले, कधी पायलीभर नागली घेऊन बाया झपाझप चालत येताना दिसतील. संध्याकाळी त्याच वाटेने मीठ, मिरची, तेलाची बाटली, सुकी मासळी आणि पोराची चप्पल परत जाते. मोळीचा भाव घेणारा ठरवतो आणि मिठाचा भाव विकणारा ठरवतो. पाड्यावरची बाई दोन्ही वेळा ऐकून घेते. माझ्या शाळेच्या पहिल्या वह्या अशाच मोळ्यांच्या पैशांतून आलेल्या आहेत, म्हणून हा हिशेब मला पुस्तकात शोधावा लागला नाही.

दाखल्यांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. जातीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा, जन्माचा; एका दाखल्याला दुसरा दाखला लागतो आणि दुसऱ्याला पहिला. बाजाराला आलेला माणूस टोपली विकून दुपारी कचेरीत जातो, तेव्हा ‘साहेब जिल्ह्याला गेले आहेत’ असे कळते. एक मजुरी बुडते, पुन्हा एक बाजार येतो. असो. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

पाण्याकडे येऊ. जव्हारला वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर त्याला हेवा वाटेल. आणि तरीही फाल्गुन उलटला की तालुक्यातले अनेक पाडे हंडा घेऊन वणवण करतात. टँकर येतो तेव्हा विहिरीत ओतलेले पाणी मिळवण्यासाठी गर्दी होते. नाही आला तर ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून, झिरपलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरावयाचे. याचे कारण दैवात नसून खडकात आहे. हा सर्व प्रदेश काळ्या बेसाल्टचा आहे. हा खडक मुळात कठीण आणि सलग असतो. त्यात पाणी मुरते ते भेगांमधून आणि वरच्या झिजलेल्या मुरमातून. जव्हारच्या उतारांवर मातीचा थर पातळ, आणि सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. एवढे पाणी इतक्या थोड्या काळात तीव्र उतारावर पडल्यावर ते मुरण्यासाठी थांबत नाही. झाडोरा दाट होता तेव्हा पालापाचोळ्याने आणि मुळांनी त्याला थोडे अडवले असते. जंगल विरळ झाले तसे झरेही लवकर आटू लागले, असे जुनी माणसे सांगतात आणि भूगोलाचे पुस्तकही तेच सांगते.

वाहून गेलेले हे पाणी वाया जाते काय? नाही. आणि येथेच खरी गोम आहे. वैतरणेच्या खोऱ्यावर मुंबई शहर जगते. तानसा तलाव १८९२ चा, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, अप्पर वैतरणा १९७३ चे. आमच्या शेजारच्या मोखाडा तालुक्याच्या हद्दीत १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण झाले आणि २०१४ पासून त्याचे पाणीही मुंबईला मिळू लागले. सूर्या नदीवरचे धामणी धरण डहाणू, पालघर, विक्रमगड या भागांतील शेतीच्या सिंचनासाठी म्हणून बांधले गेले; पुढे त्यातले पाणी वसई-विरारसारख्या वाढत्या शहरांकडे वळले. पिंजाळवर धरण बांधून मुंबईला पाणी नेण्याची आणि त्यासाठी दमणगंगेचे पाणीही बोगद्याने पिंजाळकडे आणण्याची योजना कागदावर आहे. म्हणजे आपल्या पठाराचा उत्तरेकडचा उतारही दक्षिणेकडे वळवून शहराकडे न्यावयाचा.

मुंबईला पाणी देऊ नये असे म्हणण्याइतका मी अविचारी नाही. आमच्या पाड्यांवरचीच कितीतरी माणसे त्या शहराच्या कडेला मजुरी करतात आणि त्याच नळाचे पाणी पितात. प्रश्न एवढाच की शंभर मीटर उंचीची भिंत बांधून, मोठमोठ्या नळांतून शंभर किलोमीटर पाणी नेता येते, तर उंचावरच्या पाड्याला वर्षभर पुरेल असे पाणी तेथल्या तेथे अडवणे स्थापत्यशास्त्राला अवघड आहे काय? लहान बंधारे, झऱ्याभोवती बांधलेली टाकी, उताराला आडवे खणलेले चर ही काही नवी विद्या नव्हे. गावाचे पाणी जयसागर धरणातून येते. गावाला ते मिळते कारण तेथे राजधानी होती. पाडा कधी राजधानी नव्हता.

जंगलाची कथा याहून जुनी आहे. साग, खैर, ऐन, शिसव, तिवस, मोह अशी ही पानझडी राने. खाली किनाऱ्याने रेल्वे गेल्यावर लाकडाला मोल आले आणि ठेकेदारांचे राज्य सुरू झाले. आदिवासीला त्यात मिळे ती तोडीची आणि वाहतुकीची मजुरी, तीही पुष्कळदा वेठीने. डहाणू-तलासरी-उंबरगाव भागात १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध जो लढा दिला, त्याचा आवाज या डोंगरातही पोचला. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात असलेच पाहिजे. त्या लढ्याची ती प्रत्यक्ष हकीकत आहे आणि १९७२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या काळात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदार हटवून तोडीचा नफा तोडणाऱ्यांनाच मिळावा हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम होता. पण पुढे तोडच कमी होत गेली, आणि १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर जंगल राखणे हेच मुख्य धोरण झाले. ज्यांनी जंगल तोडून खाली पाठवले ते निघून गेले. जंगल राखण्याची सक्ती मात्र जे येथे राहिले त्यांच्यावर आली.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क कसणाऱ्याला मिळावा, आणि गावाला सामूहिक हक्कही मिळावा, ही त्यातील तरतूद आहे. पाड्यांवर त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली आणि दाव्यांची बाडे कचेऱ्यांत जमा झाली. काहींच्या हाती प्रमाणपत्रे आली. पण ‘कसतो एकरात, मिळाले गुंठ्यात’ ही तक्रार कोणत्याही पाड्यावर ऐकू येते. जयबा मुकण्याची कातड्याची वादी त्याच्या स्वतःच्या हातात होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो.

आता माणसांकडे वळतो. जव्हारचे वर्ष समजून घेतल्याशिवाय जव्हार समजत नाही. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजतात. मृगाचा पाऊस आला की त्या राखेत पेरणी. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. आषाढ-श्रावणात लावणीची धांदल असते आणि नेमके तेव्हाच घरातले धान्य संपत आलेले असते. श्रावण-भाद्रपद हे पोटाला चिमटा घेण्याचे महिने. रानभाज्या असतात म्हणून दिवस निभतात. मग भात पिकते, तारपा वाजू लागतो, वाघबारस आणि दिवाळी होते. आणि दिवाळी संपली की पाडे रिकामे होऊ लागतात.

स्थलांतराला आमच्याकडे ‘जगायला जाणे’ म्हणतात. शब्द फार नेमका आहे. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर, कोणी इमारतींच्या कामावर, कोणी नाशिककडे द्राक्षांच्या बागेत जातो. भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यातच येऊन ‘बयाणा’ देऊन जातो. बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती माणसाला नव्हे, जोडीला मिळते : नवरा आणि बायको. ज्या महिन्यांत घरात दाणा नसतो त्याच महिन्यांत ही रक्कम हातावर पडते, यातच सगळे आले. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली, देशाच्या कितीतरी आधी, केला. मग माणसे भट्टीवर का जातात, असा प्रश्न वर्गात विचारला जातो. उत्तर अर्थशास्त्राच्या साध्या नियमात आहे. हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, खात्यात आल्यावर मिळते. भट्टीचे पैसे कामाच्या तीन महिने आधी मिळतात. उपाशी माणूस दर पाहत नाही, वार पाहतो. त्याच भट्टीवर हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा बयाणा फिटून हातात काय उरले, हे बरेचदा मालकाच्या वहीवर अवलंबून असते.

आता कुपोषणाचा प्रश्न या चक्रात ठेवून पाहावा. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे मोठ्या संख्येने बालके दगावली आणि जव्हारचे नाव सर्व देशाच्या वर्तमानपत्रांत आले. मंत्री आले, पथके आली, योजना आल्या. तेव्हापासून रस्ते झाले, दवाखाने वाढले, अंगणवाड्या झाल्या. हे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आज कितीतरी बाळंतपणे सुखरूप होतात, ती पूर्वी पाड्यावरच्या अंधारात होत असत. परंतु मूळ चक्र तसेच आहे. गरोदर बाई मार्चपर्यंत भट्टीवर विटा वाहते. शिमग्याला परत येते, पावसाच्या तोंडावर बाळंत होते. बाळ मुळात कमी वजनाचे. लगेच लावणी येते आणि बाळाला मोठ्या बहिणीच्या कडेवर देऊन आई चिखलात उतरते. घरातला दाणा संपलेला, ओढ्याला गढूळ पाणी, त्यातून हगवण आणि ताप. दुष्काळाने माणसे मरतात हे आपण शिकतो; येथे भर पावसात, चहूकडे हिरवे असताना हे घडते, म्हणून ते बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही.

२०१५ साली सरकारने अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण, गरम जेवण द्यावयाचे. योजना मला मनापासून चांगली वाटते, कारण बाळाचे वजन वाढवावयाचे तर आधी आईच्या ताटाकडे पाहिले पाहिजे हे तिने ओळखले. पण ताट पाड्यावर आणि बाई भट्टीवर, अशी स्थिती वर्षातले पाच-सहा महिने असते. उतारावरून खाली गेलेल्या माणसामागे योजना खाली जात नाही. ती वरच थांबते.

तसेच नागलीचेही झाले. लोह आणि चुना यांनी समृद्ध असे हे धान्य आमच्या आजीच्या ताटात रोज असे. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागला आणि डोंगरउतारावर नागली लावण्याचे कष्ट कोण घेणार, असे झाले. आता शहरात नागलीची बिस्किटे महाग दराने विकली जातात. खाली गेलेल्या वस्तूंत आणखी एकीची भर.

सर्व काही खालीच जाते असे मात्र नाही. वर परत येणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोठी म्हणजे शिमगा. भट्टीवरचा माणूस दिवाळीला एखादे वेळी चुकेल, होळीला चुकणार नाही. आणि उन्हाळ्याच्या रात्री जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिल्याखेरीज या मुलखाची ओळख पुरी होत नाही. संबळ आणि सनईच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात, मोठमोठे मुखवटे चढवून सोंगे नाचत येतात : गणपती, मोरावरची सरस्वती, नरसिंह, रावण, आणि शेवटी महिषासुराशी लढणारी जगदंबा. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, नंतर कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. सोंगाचे ओझे डोक्यावर घेऊन लयीत नाचणे हे सोपे काम नाही. नाचणाऱ्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागतो. दिवसा विटा वाहणारा माणूस त्या रात्री नरसिंह असतो, आणि ज्या पेठेत तो सकाळी भाव ऐकून घेत उभा असतो तीच पेठ त्याच्यासाठी वाट मोकळी करते. बोहाड्यावर ‘लोककला’ म्हणून लिहिलेले लेख मी वाचले आहेत. त्यांत मुखवट्यांचे वर्णन असते, पण ही वाट मोकळी होण्याची गोष्ट त्यांत दिसत नाही.

खाली जाऊनही येथल्या माणसाला वर ठेवणारी एक वस्तू अलीकडच्या काळात जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर आली आहे, तिच्याविषयी लिहून लेख पुरा करतो. ती म्हणजे मोगरा. मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेत वांसदा भागात ‘वाडी’ची कल्पना राबवली : एक एकराच्या आसपास डोंगरउताराच्या जमिनीत आंबा-काजूची कलमे, भोवती कुंपण, मध्ये जमेल ते पीक. तीच कल्पना पुढे जव्हारकडे आली आणि वाड्यांमध्ये मोगरा लावला जाऊ लागला. पहाटे, उजाडण्याच्या आधी, कळ्या खुडावयाच्या. उमलल्या की भाव गेला. पिशव्या गाडीवर पोचवावयाच्या आणि तेथून दादरच्या फूलबाजारात. लग्नसराईत भाव चढतो, एरवी पडतो, दलाल आहेतच. म्हणजे हाही माल खालीच जातो. फरक असा की कळ्या रोज खुडाव्या लागतात, त्यामुळे खुडणाऱ्याला भट्टीवर जाता येत नाही. दिवाळीनंतरचे जे महिने पाडे रिकामे करतात, त्याच महिन्यांत मोगरा माणसाला घरी बांधून ठेवतो. त्या घरातली पोरे शाळेच्या हजेरीपटावर मार्चमध्येही असतात. आपल्या वर्गात अशी घरे मागे असलेले मित्र आहेत. परीक्षेच्या दिवशी बोटांना वास घेऊन येतात.

मोगऱ्याला पाणी फार लागत नाही, पण थोडे तरी लागते, आणि ते नेमके उन्हाळ्यात लागते. जेथे झरा टिकून आहे, किंवा कोणी बंधारा घालून दिला आहे, किंवा विहीर मे महिन्यापर्यंत तग धरते, तेथे मोगऱ्याचे वाफे दिसतात. माझ्या पाहण्यातल्या एका पाड्यात ओढ्याच्या अलीकडे सात-आठ घरांचे मोगऱ्याचे वाफे आहेत आणि दिवाळीनंतरही तेथे चुली पेटतात. ओढ्याच्या पलीकडच्या चढावर तितकीच घरे आहेत. तेथे पाणी चढत नाही. कार्तिकात त्या घरांच्या दारांना बाहेरून काट्यांची झापे लावलेली असतात, आणि अंगणात एखादी म्हातारी नातवंडांना घेऊन बसलेली दिसते.